करणचा नंबर

आमच्या गावात अडतीस घरांचा मिळून एकच फोन नंबर होता आणि तो करणचा होता. करण जाऊन तीन वर्षं झाली होती.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. भीमपूर मंडलातलं म्हणजे तालुक्यातलं, पैनगंगेच्या तेलुगू राज्याकडच्या काठचं आमचं गाव. कार्डं निघाली, जमिनीच्या पट्ट्याची पासबुकं आली, गॅस आला, तेव्हा प्रत्येक फॉर्मवर मोबाइल नंबर मागायचे आणि गावात धड चालणारा फोन एकट्या करणकडे होता. सगळ्यांनी त्याचाच नंबर लिहिला. पुढे घरोघरी फोन आले, पोरींच्या हातातही आले, पण नंबर बदलायला भीमपूरच्या मीसेवात, सरकारी सेवा केंद्रात, जायचं कोणी? 'चालून राह्यलं ना, मास्तर' हे आमच्या गावाचं खरं घोषवाक्य. शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यायला हरकत नाही.

करण तापानं गेला. पाच दिवसांत. सव्वीस वर्षांचा होता. त्याचा फोन त्याच्या आईनं, बयनाबाईनं, पान-सुपारीच्या चंचीत घालून कमरेला खोचला आणि रिचार्ज एक दिवसही चुकू दिला नाही. गावातल्या कोणाचंही काही काम निघालं की त्या फोनवर ओटीपी यायचा आणि ते माणूस बयनाबाईच्या ओट्यावर यायचं.

तिला अक्षरं येत नाहीत. आकडे करणनं शिकवले होते, तेही त्याच्या पद्धतीनं. एक म्हणजे काठी, शून्य म्हणजे भाकर, सात विळा, चार उलटी खुर्ची, आठ वेणी. ती फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचायची, "विळा, भाकर, भाकर, काठी..." आणि समोरचा निमूट आकडे लिहून घ्यायचा. मग चहा व्हायचा. सून नाही, नातवंड नाही, पण त्या ओट्यावर संध्याकाळी जागा मिळायची नाही.

मी नागेश. इथल्या मराठी शाळेत मास्तर. बीएड झालेला, पेपर वाचणारा, आणि गावाच्या आळसावर कायम चिडणारा. पुढे जे घडलं त्यात सगळ्यात मोठा आळशी मीच निघालो, हे आत्ताच सांगून टाकतो.

पेरणीच्या दिवसांत मावला गावचा वैभव नावाचा तरुण आला. एका मोठ्या कंपनीचं 'हिरवी वाट' नावाचं ॲप होतं. पिकाचा फोटो टाका, सल्ला मिळवा, सगळं फुकट. प्रत्येक घराची संमती हवी होती आणि संमती म्हणजे ओटीपी. गाव शेतात होतं. वैभव बयनाबाईच्या ओट्यावर बसला आणि तिनं दिवसभरात त्याला अडतीस घरांचे आकडे वाचून दिले. दुपारी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजीही वाढली. वैभवला काठी-विळा-भाकर पाठ झालं. गावालाही बरं वाटलं, कोणाला काम सोडून यावं लागलं नाही.

दिवाळीनंतर शाळेच्या भिंतीवर सरकारची चार पानी नोटीस लागली, तेलुगूत आणि इंग्रजीत. दोन्ही मला वाचता येतात. मी पहिल्या पानाचा मथळा वाचला, 'सावकाश बघू' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यावर पोषण आहाराचा तक्ता अडकवला.

मग कापूस घरात आला. चंपतच्या घरी बावीस क्विंटल रचलेला होता. एका दुपारी त्याला फोन आला. हिंदी बोलणारा कोणी व्यापारी होता. तो म्हणाला, तुमच्याकडे बावीस क्विंटल आहे, खोली गळते, मुलीचं लग्न ठरलंय, मग किती दिवस ठेवणार? आम्ही सांगतो त्या भावात देऊन टाका.

चंपतची बायको द्वारकाबाई बयनाबाईच्या ओट्यावर धावत येऊन बसली. मीही तिथंच होतो.

"आपल्या शुभांगीचं लगन जमलं ते त्याले कोनं सांगतलं, मास्तर? आपली खोली गळते ते कोनं सांगतलं?"

"तुमीच सांगतलं असन," मी म्हणालो. चंपतनं स्वतःच्या फोनवरून ॲपला विचारलं होतं की खोली गळते, लग्नापर्यंत कापूस ठेवायचा आहे, काय करू? ॲपनं ताडपत्रीचा सल्ला दिला होता. सल्ला चांगलाच होता.

मी शाळेत गेलो, तक्ता बाजूला केला आणि चारही पानं वाचली. गावाची शेतं, पिकं, फोटो, विचारलेले प्रश्न, सगळं कंपनीकडे आणि तिच्या 'भागीदारां'कडे कायमचं जाणार होतं. हरकत असेल तर येत्या तीस तारखेपर्यंत कळवा. जो कळवणार नाही, तो राजी आहे असं धरलं जाईल. मला माझीच लाज वाटली. आणि लाज वाटली की माणूस मोठ्यानं बोलतो, तसा मी ओट्यावर येऊन मोठ्यानं बोललो.

"आपनच होकार देल्ला. सगळ्या गावानं. ओटीपी देऊन."

"म्हंजे करणच्या नंबरावरून गेलं," द्वारकाबाई म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती नुसतं समजून घेत होती.

बयनाबाईचा हात कमरेच्या चंचीवर गेला आणि तिथंच राहिला. त्या दिवशी चहा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. यापूर्वी ती शाळेत आली होती ती करणला पहिलीत घालायला.

"मास्तर, ते मांगं घेता येते का?"

"येते, माय. पन ज्याचा नंबर हाय त्यानं कॅमेऱ्याले तोंड दाखवा लागते."

"करणचं तोंड मांगते ते?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. ती वर्गातल्या रिकाम्या बाकावर बसली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "दुसरा रस्ता असन ना काही?"

दुसरा रस्ता होता. प्रत्येक घरानं करणचा नंबर काढून स्वतःचा नंबर लावायचा आणि त्यावरून नकार कळवायचा. नंबर बदलताना जुन्या नंबरावर एक शेवटचा ओटीपी येणार होता. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की मी काय सांगतोय. सगळी घरं एकेक करून त्या नंबरावरून उठणार, आणि त्यानंतर तिच्या ओट्यावर यायचं कोणाला काही कारणच उरणार नव्हतं. ते मी बोललो नाही. तिला ते माझ्याआधी कळलं होतं, असं आता वाटतं.

"माह्या लेकाच्या नावानं कोनाचं वाईट नाई झालं पाह्यजे," ती म्हणाली आणि उठली.

तीन दिवस ती घरोघरी फिरली. लोकांनी पाट दिला, पाणी दिलं, ऐकून घेतलं. कोणी म्हणालं, आमच्याकडे लपवायसारखं आहेच काय? कोणी म्हणालं, पुढच्या आठवड्यात पाहू. लक्ष्मणराव एके काळी सरपंच होते, गावात सगळ्यात आधी पेपर त्यांच्या हातात पडतो. ते खाटेवर पेपर पसरून म्हणाले, "बयनाबाई, येवढी मोठी कंपनी. आपन अडतीस घरं. आपल्यानं काय होते? अन् करणचाच नंबर चांगला हाय. कायले हालवतं?"

हे त्यांनी मायेनं म्हटलं, हीच तर अडचण. आमच्या गावाचा आळस नुसता आळस असता तर मी त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्यात करणची आठवणही गुंतलेली होती. तीन दिवसांत एकटा चंपत तयार झाला.

चौथ्या दिवशी बयनाबाईनं फोन बंद केला.

तिनं आजवर कोणाला आकडा नाकारला नव्हता. त्या दिवशी सकाळी मारोतरावांची सिलेंडरची गाडी दारातून परत गेली. दुपारी सोनाबाईचं पेन्शनचं काम अडलं. लक्ष्मणरावांची सरकारी खरेदीत कापूस विकायची तारीख घ्यायची होती, ती राहिली. संध्याकाळी ओटा भरला, पण चहासाठी नाही.

"माय, काऊन बंद केला? चालू कर ना."

"नाई."

"अवो, दोन मिनटाचं काम हाय."

"शुकरवारी भीमपूरले मीसेवात फोन चालू करन. ज्याले आकडा पाह्यजे त्यानं तिथं यावं अन् आपापला नंबर लावावा. त्याच्या आंधी कोनालेच देत नाई." ती उठली आणि आत जाऊन तिनं दार लोटलं.

लक्ष्मणराव भडकले. मास्तरनंच बुढीला शिकवलं, म्हणाले. मला तसं म्हणवून घ्यायला आवडलं असतं.

शुक्रवारी लक्ष्मणरावांच्याच ट्रॅक्टरची ट्रॉली भरून गाव भीमपूरला गेलं. कुरकुरत गेलं, पण गेलं. सरकारनं नोटीस लावली, मी भाषणं दिली, तेव्हा कोणी उठलं नव्हतं. एका बाईनं रुसून फोन बंद केला आणि गाव हललं. लोकशाहीवर मी आठवीच्या पोरांना शिकवतो त्यात हे कुठंच नाही.

मीसेवाच्या बाहेर बाकावर बयनाबाई बसली, नवं लुगडं नेसून. आतून नाव पुकारलं जाई, तिच्या मांडीवर फोन वाजे आणि ती वाचे. "चंपत, घे बापा. खुर्ची, वेणी, काठी, काठी..." आकडा दिला की ती त्या माणसाकडे क्षणभर बघायची. दहा-बारा जणांनंतर लोकांना काहीतरी कळायला लागलं. बडबड कमी झाली. सोनाबाई तर आकडा घेऊन वाकली आणि तिच्या पाया पडली.

दुपारी वैभव आला. कंपनीनं पाठवलं होतं, हे काय चाललंय ते बघायला. रांग पाहून तो बाकाजवळ येऊन उभा राहिला.

"अम्मा, काही चुकलं का माझं?"

"तुहं काय चुकलं? तुनं मांगतलं, म्या देल्ला. आता मले वापस पाह्यजे." मग तिनं विचारलं, "जेवला का?"

तो जेवला नव्हता. तिनं फडक्यातली भाकर मोडून अर्धी त्याला दिली. तो तिच्या शेजारी बाकावर बसून खात होता आणि लोक नकार कळवत होते. त्यानं कोणालाच अडवलं नाही. नोकरीवर असलेला माणूस यापेक्षा जास्त काय करणार?

संध्याकाळपर्यंत पस्तीस घरं झाली. तिघे आलेच नाहीत, ते कायम येत नाहीत. शेवटचा आकडा लक्ष्मणरावांचा होता. बयनाबाईनं तो सावकाश वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि फोन चंचीत ठेवला. परतताना ट्रॉलीत ती चंची दोन्ही हातांनी धरून बसली होती.

कंपनीकडून सगळ्यांना सारखाच निरोप आला, आपली विनंती विचाराधीन आहे. तो मात्र ज्याच्या त्याच्या फोनवर आला. तहसीलमध्ये मी रीतसर दरखास्त देऊन पोच घेतली आहे. दर सोमवारी जातो. पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

पण मला झोंबत होतं ते दुसरंच. रोज शाळेतून येताना बघायचो, बयनाबाई ओट्यावर एकटी. फोन पुढ्यात, चार्ज केलेला, रिचार्ज भरलेला. वाजत नव्हता. मी बसायचो, इकडचं तिकडचं बोलायचो, पण मास्तर मुद्दाम येऊन बसतो हे तिला कळायचं आणि तिला ते नको असायचं. गावासाठी तिनं एवढं केलं आणि गाव आपापला नंबर खिशात घालून मोकळं झालं, या विचारानं मला रडू यायचं.

आठव्या दिवशी मी बसलो असताना लक्ष्मणराव आले. हातात स्वतःचा नवा फोन.

"बयनाबाई, ओटीपी आला. सिलेंडरचा. वाचून दे बरं."

"अवो, तुमच्याच हातात हाय ना तो. तुमच्याच नंबरावर आला."

"माह्या हातातला मले कुठं वाचता येते?" लक्ष्मणराव म्हणाले आणि ओट्यावर ऐसपैस बसले. त्याच सकाळी त्यांनी मला पेपरातला कापसाचा भाव वाचून दाखवला होता, दशांश चिन्हासकट आणि चष्म्याशिवाय.

मागून द्वारकाबाई येत होती, हातात फोन. तिच्या मागं सोनाबाई.

बयनाबाईनं लक्ष्मणरावांचा फोन घेतला आणि हातभर लांब धरला. बराच वेळ तिला काही दिसेना. मग पदरानं डोळे पुसून तिनं वाचायला सुरुवात केली.

"विळा... भाकर... काठी... लिहून घ्या, लक्ष्मणराव. अन् मास्तर, तुमी काय बसले? चहा ठेवा."