मडगार्डवरची खुर्ची

माझ्या ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डवर न्हाव्याची खुर्ची आहे. हसायचं त्याने हसून घ्यावं. ट्रॅक्टर बाबांनी मला दिला, भावाला नाही, कारण भावाला शेवटपर्यंत गिअर कळले नाहीत आणि मला कळले. तेव्हा त्यावर खुर्ची बसवायची की झोपाळा टांगायचा, हे मी ठरवणार.

आमच्या ह्यांच्या पायांतली शक्ती गेली, कुबड्या आल्या, तेव्हा हे दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. बोलक्या माणसाला गप्प बसलेलं बघवत नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकान बंद केलं तशी मी त्याची एक खुर्ची मागून आणली, मडगार्ड कापून घेतलं आणि ती बोल्टांनी पक्की बसवली. तेव्हापासून हे माझ्याबरोबर शेतात असतात. काम काडीचं नाही, सूचना मात्र ढीगभर. कान किटतात माझे. पण घरी आल्यावर ह्यांना दोन घास जास्त जातात.

परवा भाचा आला. जुन्या यंत्रांचं कसलंसं मंडळ आहे, त्याचं त्याला भारी वेड. मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि त्याचा चेहराच उतरला.

"आत्या, आजोबांच्या ट्रॅक्टरचं काय करून ठेवलंस हे! मूळ रूपात असता तर पहिला आला असता."

"आता कितवा येईल?"

"आतच घेणार नाहीत. जुनं मडगार्ड मी शोधून आणतो. फक्त ही खुर्ची काढू दे मला."

पोरगं वाईट नाही. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून ह्याच ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरायचं. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले, म्हणून मी दोन शब्द सुनावायचे ते गिळले. "वस्तू माझी आहे," एवढंच म्हटलं. "मी ती ठेवीन, नाहीतर तिचं लोणचं घालीन. चहा घेऊन जा."

हे दारात बसून सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे अंथरुणात नाहीत. कुबड्याही नाहीत. शेडकडे धावले, तर हे चाकाला टेकून, एक कुबडी काखेत धरून, खुर्चीच्या बोल्टाशी झटापट करत होते. सदरा घामाने भिजलेला. पाना फिरवतायत आणि बोल्ट जागच्या जागी फिरतोय. फिरणारच. खालून नट धरायला दुसरं माणूस लागतं.

"अहो, हे काय चाललंय?"

"काढतोय." माझ्याकडे बघितलंही नाही. "तुझ्या बाबांची वस्तू माझ्यापायी बिघडली. मी काही तिच्यातला मूळचा नाही. बसेन की खिडकीत. सवय आहे मला."

मला असा राग आला! आणि रागाबरोबर रडूही आलं.

"मूळची मी तरी कुठे राहिलेय?" मी ओरडलेच. "लग्न होऊन आले तेव्हा चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तुम्हीच बडबड करून करून मला अशी केलीत. आता माझ्यातून तुम्हाला काढायला कोणाला बोलवू? त्याच मंडळाला?"

हे हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. हातातला पाना तसाच बोल्टावर होता.

मी फळीवरून दुसरा पाना घेतला, मडगार्डखाली शिरले आणि नट धरला.

"फिरवा," म्हटलं. कुठल्या बाजूला, ते सांगितलं नाही.

बराच वेळ वर काही हालचाल नव्हती. मग पाना फिरला. नट माझ्या हातात हळूहळू आवळत गेला.