लेटीचा रुमाल

ब्लेडसो मालकांनी पत्र्याचे दोन पेले पिंपाच्या झाकणावर ठेवले आणि इशमला म्हणाले, "यातला तोंडचा माल कुठला ते सांग."

दारूच्या भट्टीच्या नळीतून धार सुरू झाली की सगळ्यात आधी जे पडतं, तो तोंडचा माल. उग्र, जहरी. तो कुणी पीत नाही. लंगड्या घोड्याच्या पायाला चोळतात, नाहीतर ओढ्यात ओततात. ज्याने कधी भट्टी पाहिली नाही त्यालाही त्याचा वास चार हातांवरून कळेल, आणि ब्लेडसोंचा गुलाम असलेल्या इशमचं तर अर्धं आयुष्य या नळीखाली गेलं होतं. उजवीकडचा पेला जहरी होता. मालक अजून दारात होते तेव्हाच त्याला ते कळलं होतं.

त्याने दोन्ही पेल्यांवर नाक नेलं, कपाळाला आठी घातली आणि मान हलवली.

"दोन्ही सारखेच वाटतात, मालक."

"मग पिऊन बघ ना. जिभेला तरी कळेल."

मालकांच्या मागे त्यांचा होणारा जावई उभा होता, मिसिसिपीतल्या नॅचेझचा हार्वेल. त्याला गंमत वाटत होती. इशमने उजवा पेला उचलला आणि घशाखाली रिकामा केला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने येऊ दिलं, पण तोंड वाकडं केलं नाही. "हा चांगला वाटतो," तो म्हणाला.

हार्वेल खो खो हसला. मालक हसले नाहीत. पण त्यांची खात्री पटली असावी, कारण ते पेले तिथेच टाकून निघून गेले. ते वळणाआड होताच इशम भट्टीमागे जाऊन ओकला. दोन दिवस त्याला उजेड सहन होत नव्हता.

हे सगळं लेटीच्या डोक्यातून निघालं होतं.

लेटी इशमची बायको. मालकांच्या मोठ्या घरात धुणं आणि इस्त्री तिच्याकडे असे. मालकांची धाकटी मुलगी मिस लुसिंडा लग्न करून मिसिसिपीत जाणार, आणि बरोबर तिला एक दासी देणार, हे ती चादरींच्या घड्या घालताना ऐकून आली. नाव कुणाचं निघालं तेही तिने ऐकलं. केझियाचं. इशम आणि लेटीच्या एकुलत्या एक मुलीचं, केझीचं. कुणी तिला विचारलं नव्हतं, विचारायची रीतच नव्हती. लग्नात चांदीचे चमचे देतात, पलंग देतात, तशी एक मुलगीही द्यायची.

नदीने खाली दक्षिणेत गेलेलं माणूस परत आल्याचं केंटकीत कुणी पाहिलं नव्हतं. त्या रात्री इशम सकाळपर्यंत पडवीत बसून राहिला. लेटी मात्र हात चालवत होती, आणि हात चालवताना तिचं डोकं चालायचं.

"मालकाला सगळ्यात जास्त कशाची काळजी?" तिने विचारलं.

"त्याच्या व्हिस्कीची."

"आणि व्हिस्की कशावर चालते?"

ती इशमच्या नाकावर चालत होती. मक्याचं आंबवण आज उपसायचं की उद्यावर ढकलायचं, मका आंबवायचं विरजण जिवंत आहे की नासलं, नळीच्या धारेतला चांगला माल कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे सगळं तो वासावर ठरवायचा. पिंपावर मात्र ब्लेडसो हे नाव डागलेलं असे. लुईव्हिलचे व्यापारी यायचे, एक घोट घेऊन डोळे मिटायचे आणि ब्लेडसोसाहेबांच्या हाताला काय गुण आहे म्हणून वाखाणायचे. साहेबांचा हात कधी आंबवणात बुडालाच नव्हता. तरी ते लाजून हसत आणि वडिलांची आठवण काढत.

केझीला इशमने ही विद्या लहानपणापासून दिली होती. पाळण्याऐवजी ती विरजणाच्या मडक्याशेजारीच वाढली म्हणा ना. तिचं नाक त्याच्याइतकंच तयार होतं. पण मालकांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ती लाकडं वाहणारी पोर होती.

"नाक गेलं म्हण," लेटी म्हणाली. "गेल्या थंडीत ताप आला होता ना, त्यात गेलं. आता पोरगीच वास घेते म्हण. मग बघू कसा देतो तिला."

"आणि माझं काय करेल?"

"तुझे हात आहेत की. ओझं उचलायला नाक कशाला लागतं? असंही तुझं नाक जरा मोठंच आहे, गेलं तर चेहरा सुधारेल."

असं बोलायची तिची रीत होती. डोकं ठणकायला लागलं की ती पुदिन्याची पानं चुरडून पिवळ्या रुमालात घालायची आणि तो रुमाल डोक्याला घट्ट बांधायची. तिला वारंवार डोकेदुखी व्हायची, त्यामुळे ती जवळून गेली की आधी पुदिना यायचा, मग खळ, मग राखेचा साबण, आणि त्या सगळ्याखाली तिचा स्वतःचा वास. ती आली का हे इशमने कधी मान वर करून पाहिलंच नाही. पाहायची गरजच पडली नाही.

पेल्यांच्या परीक्षेनंतर मालकांनी केझीला बोलावलं. तिच्यासमोर तीन मडकी ठेवली. तिने नासलेलं विरजण एका क्षणात बाजूला काढलं. नळीखाली उभी राहून तोंडचा माल संपल्याबरोबर तिने पेला बदलला. मालकांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि म्हणाले की ही इथेच राहील.

त्या शनिवारी इशमच्या झोपडीत उत्सवच होता. लेटीने कुठून तरी डुकराची चरबी पैदा केली आणि मक्याच्या भाकरी तळल्या. केझीला तर काय झालंय ते सगळं ठाऊक होतं. तिने बापाच्या नाकाखाली जळकी भाकरी धरली आणि विचारलं, "बा, कसला वास?" इशम म्हणाला, "गुलाबाचा." तिघं इतकी हसली की शेजारच्यांनी भिंत ठोकली. आपण मालकाला फसवलं, या विचाराने माणूस किती आंधळं होतं पहा. दासी कुणीतरी जाणारच होती, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

लग्न थाटात झालं. सात वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली व्हिस्की काढली. पाहुण्यांनी ब्लेडसोच्या हाताचं कौतुक केलं. इशम पिंपं वाहत होता आणि ते ऐकत होता. आज त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण केझी त्याच्या मागून पेले घेऊन येत होती आणि उद्याही येणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेटी भट्टीवर आली. आधी पुदिना आला, पण आज तो फार होता. बाईसाहेबांनी तिला पेटारे भरायला बसवलं होतं. मिस लुसिंडाचे झगे, कॉलर, हातमोजे सगळं घड्या घालून भरून झाल्यावर बाईसाहेब म्हणाल्या होत्या, आता तुझंही काय असेल ते गुंडाळ, उद्या पहाटे निघायचं आहे. लुसिंडाला इस्त्री तुझ्याच हातची लागते.

इशमच्या हातातलं वल्ह्यासारखं लाकूड आंबवणात पडलं. तो दाराकडे निघाला.

"कुठे चाललास?"

"सांगतो त्याला. माझं नाक शाबूत आहे म्हणून सांगतो."

लेटीने त्याचा दंड धरला. तिच्या हातात जोर होता, आयुष्यभर ओले कपडे पिळलेल्या बाईचा जोर. "म्हणजे मग पोरगी जाईल. आणि खोटं बोललास म्हणून तुझी चामडी लोळवेल ते वेगळंच. तू त्याच्या पाया पड, नाहीतर छातीवर बस, एक बाई जाणारच आहे इशम. ती मीच असू दे."

"लेटी, मला हे..."

"तुझं नाक गेलंय," ती म्हणाली. "गेलेलंच राहू दे. मी मेले असं कळलं तरी."

केझी आंबवण ढवळत होती. ती थांबली नाही. थांबली असती तर आंबवण खाली लागलं असतं, आणि त्याबद्दल मालकांनी तिलाच धरलं असतं.

पहाटे गाडी गेली. निरोपाला सुट्टी नव्हती, कारण त्या दिवशी भट्टीची धार काढायची होती. इशमने चाकांचा आवाज ऐकला तो नळीखाली बसून.

पुढे मक्याची कापणी आली. इशम ओझी उचलायचा, लाकडं फोडायचा, आणि नाक नसलेल्या माणसासारखा वागायचा. हे सोपं नसतं. काही करपलं की मान आपोआप वळते. एके दिवशी ती वळली. चुलीवरचं आंबवण खाली लागलं होतं, केझी विहिरीवर होती, आणि इशमने बसल्या जागी मान फिरवली. दारात मालक उभे होते.

ते मागे फिरले. तासाभराने परत आले. येताना मोठ्या घरातल्या चिंध्यांच्या टोपलीतून त्यांनी काहीतरी उचलून आणलं होतं आणि ते पाठीमागे धरलं होतं. मिस लुसिंडाने निघताना आपल्या दासीला नव्या घरी शोभतील असे कपडे दिले होते आणि जुने मागेच टाकायला लावले होते. त्यातलंच ते काहीतरी असणार. कुणाचं होतं हे मालकांना बहुधा माहीतही नव्हतं. त्यांनी वरचं उचललं होतं, इतकंच.

"लुसिंडाचा निरोप आलाय," ते म्हणाले. "तिला अजून केझीच हवी आहे. तुझं नाक ठीक असेल तर मला पोरीची गरज काय? डोळे मिट."

इशमने डोळे मिटले.

"वास घे. नीट, जोरात ओढ."

कापड त्याच्या तोंडावर दाबलं गेलं. त्याने श्वास ओढला, कारण मालक छातीकडे पाहत असणार. पुदिना. खळ. राखेचा साबण. आणि सगळ्याखाली ती. इतकी जवळ की त्याचा हात वर उचलला जाणार होता. त्याने बोटं मांडीत रुतवली. समोर ढवळण्याचा आवाज चालू होता, एका लयीत. केझी विहिरीवरून आली होती. तिचं नाकही बापासारखंच तयार होतं, आणि तो पिवळा रुमाल कुणाचा आहे हे तिला पाहून वा हुंगून, कसंही कळलं असतं. आवाज थांबला नाही.

"काय आहे?"

"कापड असेल, मालक. मऊ लागतंय."

"वास कसला?"

"कसलाच नाही."

मालकांनी त्याचा चेहरा निरखला. मग त्यांनी रुमाल त्याच्या मांडीवर टाकला. "भट्टी पुसायला घे. तांबं काळं पडलंय." आणि ते तिथेच पिंपावर बसले. त्यांना काही घाई नव्हती.

इशमने रुमाल तोंडच्या मालात बुडवला, कारण तांबं त्यानेच साफ होतं, आणि तो पुसायला लागला. भट्टीचं पोट, मान, नळीचा वाकडा भाग. रुमाल वाळला की तो पुन्हा बुडवायचा, पिळायचा, पुन्हा पुसायचा. मालकांना भट्टीच्या तांब्यात आपलं तोंड दिसायला लागलं तेव्हा ते उठले. केझी इथेच राहील, असं जाता जाता म्हणाले.

दिवस कलला. केझीने चुलीतला विस्तव ओढला, हात धुतले आणि बापाच्या शेजारी येऊन बसली. तिने रुमाल घेतला, पिळला, झटकला आणि नाकाशी धरला. पुन्हा धरला. उलटा करून धरला.

"बा," ती म्हणाली, "मला तर नुसती दारूच येतेय. मायचा वास कुठे राहिलाय का, तू बघ ना."

आसपास कुणी नव्हतं. इशमने रुमाल हातात घेतला, कोपरान् कोपरा नाकाशी लावून पाहिला, आणि घडी घालून तिच्या मांडीवर ठेवला.

"मला काय विचारतेस, पोरी," तो म्हणाला. "माझं नाक गेलंय."