वापरात आहे

“सर, याचं जुनं उत्तर तुमच्याच अक्षरात आहे ना जी?” मोनालीने फाईलमधून डोकं वर न काढता विचारलं.

गिरिधर साल्पेकर पोह्यांची रिकामी प्लेट टेबलाखाली सरकवत होता. “असंन. आधी नवीन प्रश्न वाच. जुन्याचं मंग पाहू.”

मोनालीने कागद उचलला आणि खड्या आवाजात वाचायला लागली. “एक, संबोधी लेआउट येथील सार्वजनिक अभ्यासिकेचे काम केवळ जोत्यापर्यंत होऊन बारा वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, सदर काम पूर्ण झाल्याची माहिती सन २०१३ मध्ये सभागृहास देण्यात आली होती, हे खरे आहे काय? तीन, असल्यास, या प्रकरणी चौकशी करून कोणती कार्यवाही करण्यात आली? चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तर उद्या दुपारी बारापर्यंत मागितलं आहे.”

डिसेंबर लागला की नागपुरात सरकार येते आणि या कार्यालयातल्या लोकांच्या रजा जातात. आमदार प्रश्न लिहून देतात, मंत्री लेखी उत्तर देतात. पण मंत्र्याची सही होण्याआधी ते उत्तर जिथे जन्माला येते, ते टेबल गिरिधरचे होते. एकतीस वर्षांत त्याचा एकही मसुदा वरून परत आला नव्हता. त्याचा सगळा संसार चार वाक्यांवर चालायचा. हे खरे आहे, हे खरे नाही, अंशतः खरे आहे, आणि त्याचे सर्वांत लाडके, प्रश्न उद्भवत नाही. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ लिहिले की खालचे सगळे भाग आपोआप गप्प बसतात, हे तो प्रत्येक नव्या कारकुनाला शिकवायचा. मोनाली बोरकर लागून सहा महिने झाले होते आणि तिलाही त्याने पहिल्याच आठवड्यात ते शिकवले होते.

या एकतीस तारखेला तो निवृत्त होणार होता. शाल कोणत्या रंगाची आणायची यावर दुसऱ्या खोलीत दोन दिवस वाद चालू होता, आणि तो आपल्या कानावर पडतच नाही असे दाखवणे त्याला फार आवडत होते.

“काही अवघड नाही,” तो म्हणाला. “जुनं उत्तर पाह्य, त्याचाच हवाला दे. पहिल्याले ‘हे खरे नाही’ लिही. बाकी तुले माहीतच आहे.”

मोनालीने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “सर, मी संबोधी लेआउटचीच आहे.”

गिरिधरने चष्मा लावला.

“तिथं अभ्यासिका नाही जी. नुसतं जोतं आहे. दोन फूट उंच, आणि वर आभाळ.”

त्याने फाईल आपल्याकडे ओढली. बारा वर्षांपूर्वीचा मसुदा, निळी शाई, स्वतःचे वळणदार अक्षर. ‘काम पूर्ण झाले असून अभ्यासिका वापरात आहे.’

त्याला ती दुपार आठवली. असेच अधिवेशन होते, असाच बाराचा धोशा. कनिष्ठ अभियंता कुठल्याशा लग्नात होता. फोनवर मागे बँड वाजत होता आणि तो ओरडून म्हणाला होता, पंधरा दिवसांत होते जी, लिहून टाका झालं म्हणून. गिरिधरने लिहून टाकले. पण ‘वापरात आहे’ हे त्याला कोणी सांगितले नव्हते. नुसते ‘काम पूर्ण झाले’ हे त्याला लंगडे वाटले, म्हणून ते त्याने पदरचे घातले होते. साहेबांनी त्या वाक्याचे कौतुकही केले होते.

पुढे कंत्राटदार काम टाकून पळाला. आणि मग गंमत अशी झाली, की अभ्यासिका बांधायची सोयच उरली नाही. मंत्र्यांनी सभागृहात जी पूर्ण झाली म्हणून सांगितली, तिच्यासाठी पुन्हा निधी मागणार कोण? जागा देणारे आनंदराव दरवर्षी हिवाळ्यात अर्ज घेऊन यायचे. स्वतःच्या प्लॉटचा अर्धा भाग त्यांनी अभ्यासिकेसाठी लिहून दिला होता. गिरिधर त्यांना ठरलेले पत्र द्यायचा, ‘सभागृहात दिलेल्या उत्तरानुसार काम पूर्ण असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ ‘बसा’ म्हटले तरी म्हातारा ते उभ्या उभ्या पूर्ण वाचायचा, घडी घालून खिशात ठेवायचा आणि विचारायचा, “मंग पुढच्या वर्षी येऊ का बाबूजी?” आणि गिरिधर म्हणायचा, “या ना.”

“आनंदराव यंदा आले नाहीत,” तो म्हणाला.

“काका दिवाळीनंतर गेले सर. जायच्या आधी आमदाराच्या घरी जाऊन बसले होते. हा प्रश्न त्यांचाच आहे.”

गिरिधरने फाईल मिटली, पुन्हा उघडली. त्याने आयुष्यात शेकडो पूल, रस्ते, टाक्या आणि शाळाखोल्यांची उत्तरे लिहिली होती आणि त्यांतली एकही जागा डोळ्यांनी पाहिली नव्हती. पाहायची रीतच नव्हती. माहिती खालून यायची, सही वर व्हायची, आणि मधे तो.

“तुझी स्कुटी आहे ना?” त्याने विचारले.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मुलीच्या मागे स्कुटीवर, मांडीवर फाईल धरून, बंदोबस्ताचे बॅरिकेड चुकवत बेसाच्या दिशेने निघाला, तेव्हा गेटवरचा शिपाई तोंडात आलेले हसू गिळून बाजूला झाला. जुन्या नागपुरातल्या महाल भागात जन्मलेल्या गिरिधरला शहराच्या टोकाचे बेसा म्हणजे परगावच. नव्या इमारती संपल्या, डांबर संपले, आणि एका कोपऱ्यावर मोनालीने गाडी थांबवली.

जोते होते. सिमेंटचे, कडा झिजलेल्या. चारही कोपऱ्यांवर गंजलेल्या सळ्या वर आल्या होत्या आणि कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक सळीवर प्लास्टिकची बाटली उलटी घातली होती. वर तीन मुली उन्हाकडे पाठ करून सतरंजीवर बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर पोलीस भरतीचा प्रश्नसंच होता. आणि सगळे जोते इतके स्वच्छ, की त्यावर चपला घालून चढायला गिरिधरला संकोच वाटला.

“मी इथंच अभ्यास केला सर,” मोनाली म्हणाली. “चार वर्षं. पावसाळ्यात ताडपत्री बांधत होतो. ती उडे, तं काका धरून उभे राहत.”

शेजारच्या घरातून एक म्हातारी बाई बाहेर आली. तुळसाबाई, आनंदरावांच्या पत्नी. मोनालीने ओळख करून दिली, “काकू, हे साल्पेकर सर.”

“जय भीम बाबूजी,” तुळसाबाई म्हणाल्या. “तुमचं नाव लय ऐकलं जी. आमचे हे म्हणत, हाफिसात एकच माणूस आहे जो बसा म्हणते.”

गिरिधरला कुठे बघावे कळेना. त्यांनी खुर्ची आणली, चहा आणला. मग आत जाऊन एक कागद आणला, लॅमिनेट केलेला. सभागृहाच्या छापील उत्तराची प्रत. गिरिधरचे वाक्य त्यात जसेच्या तसे होते.

“हे त्यांनी भिंतीवर लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “लोक म्हणत, आनंदराव, तुम्हाले फसवलं. तं हे त्यांच्यावरच चिडत. म्हणत, तिथं बाबासाहेबाच्या घटनेवर हात ठेवून शपथ घेतात, तिथला मंत्री खोटं काहून बोलंन? उशीर होऊन राहिला असंन. अन् रोज सकाळी उठून हे झाडत.”

“झाडत? कशाले?”

“लिहिलं आहे ना, वापरात आहे म्हणून. आपल्यापायी मंत्र्याचं बोलणं खोटं पडू नये. पोराइले घरोघरी जाऊन बोलवत, बसा रे, अभ्यास करा. आता ते नाही, तं मी झाडतो.”

बारा वर्षे तो माणूस आपण लिहिलेले वाक्य खरे करण्यासाठी झाडू मारत होता, आणि आपण त्याला दरवर्षी ‘या ना’ म्हणत होतो. गिरिधरला लाज वाटली. साधी, सरळ लाज. 

परतीच्या वाटेवर त्याने विचारले. “मोनाली, तू सहा महिन्यांत हे मले काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही सर,” ती म्हणाली. “अन् नोकरी नवीन होती.”

संध्याकाळी पाचला त्याने मसुदा साहेबांपुढे ठेवला. साहेब चाळिशीतला, हुशार माणूस. कुणाचे वाईट चिंतणारा नव्हता, पण अधिवेशनाच्या दिवसांत त्याला फक्त एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे शांतता. त्याने वाचले आणि चष्मा काढला.

‘(१) होय, हे खरे आहे. (२) होय, हे खरे आहे. (३) सन २०१३ मधील माहिती प्रत्यक्ष पाहणी न करता, या कार्यालयातील लिपिक श्री. गिरिधर साल्पेकर यांनी तयार केलेल्या मसुद्याच्या आधारे देण्यात आली होती. अभ्यासिकेचे काम पूर्ण करण्यासाठी नव्याने प्रस्ताव सादर करण्यात येत आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

“साल्पेकरजी, डोकं ठिकाणावर आहे ना? पंधरा दिवस राहिले तुमचे.”

“म्हणूनच म्हणतो साहेब.”

“अहो, जोतं आहे ना तिथं? पोरं बसतात म्हणता ना? मंग ‘अंशतः खरे आहे’ लिहा. बात खतम. तुमच्या भल्यासाठीच सांगून राहिलो. मंत्र्याले आपलंच उत्तर सभागृहात सुधारावं लागंन. ते सोडतील काय? चौकशी लागंन. तेव्हाचा अभियंता वारला, तेव्हाचे साहेब मुलीकडे कॅनडात. राहिले तुम्ही.”

“माहीत आहे.”

“निरोप समारंभ तरी होऊ द्या सुखाने.”

 गिरिधरला भीती वाटत नव्हती असे नाही. लतिकाने, त्याच्या बायकोने, एकतीस तारखेसाठी बहिणींना बोलावून ठेवले होते. तिला काय सांगायचे, हे त्याला मसुदा लिहितानाही सुचले नव्हते. पण नोकरीत मुरलेला माणूस होता तो. साहेबांना काय पटेल, हे त्याला बरोबर ठाऊक होते.

“साहेब, आमदाराजवळ फोटो आहेत. काल तिथं माणूस येऊन काढून गेला, आनंदरावांच्या घरी सांगितलं. बारा वर्षांपूर्वीचं खोटं माझ्या अक्षरात आहे. उद्याच्यावर सही तुमची राहीन.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. मग पेन उघडले.

सभागृहात काहीच गाजले नाही. तो प्रश्न यादीत एकतिसावा होता आणि प्रश्नोत्तराच्या तासात सातव्याच्या पुढे गाडी सरकलीच नाही. उरलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे छापील स्वरूपात ठेवली गेली, त्यांतच हेही. ना कोणी ओरडले, ना कोणी बाक वाजवले. दोन दिवसांनी मंत्र्यांनी जुन्या उत्तरात दुरुस्ती करणारे चार ओळींचे निवेदन वाचले, आणि मग हालचाल सुरू झाली. अठ्ठावीस तारखेला गिरिधरच्या टेबलावर नोटीस आली. सात दिवसांत खुलासा करावा. दुसऱ्या खोलीतला शालीच्या रंगाचा वाद त्या दिवशी थांबला. समारंभ पुढे ढकलला आहे, असे कोणीतरी येऊन हळूच सांगून गेले. ढकलून कुठे नेणार, हे त्याने विचारले नाही.

लतिकाने ऐकून घेतले. रडली नाही, रागावलीही नाही. “बहिणींना काय सांगू?” एवढेच म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली, “खरं तेच सांगतो.”

एकतीस तारखेला कार्यालय सुटल्यावर तो मोनालीबरोबर संबोधी लेआउटला गेला. हातात नव्या उत्तराची छापील प्रत होती. तुळसाबाईंना वाचता येत नव्हते. मोनालीने अंगणात उभी राहून वाचून दाखवले, सावकाश, चारही भाग. तिसऱ्या भागातले नाव आले तेव्हा ती अडखळली. गिरिधर म्हणाला, “वाच.” तिने वाचले.

तुळसाबाईंनी आधी जोत्याकडे पाहिले. मग विचारले, “म्हणजे बांधतील?”

“प्रस्ताव गेला आहे बाई. बांधतील असं मी म्हणत नाही. पण आता मागता येईन. आतापर्यंत मागताच येत नव्हतं.”

“अन् हे जे लिहून आलं, त्याच्यात वापरात आहे असं नाही?”

“नाही. ते काढलं.”

“मंग आमच्या ह्यांनी झाडलं ते?”

 एकतीस वर्षे गिरिधरजवळ प्रत्येक प्रश्नाला चार वाक्ये तयार होती. त्यांतले एकही कामाचे नव्हते.

“ते खरं होतं, बाई,” तो म्हणाला. “तेवढंच एक खरं होतं. बाकी मी लिहिलेलं.”

तुळसाबाईंनी नवा कागद घेतला, जुन्या लॅमिनेट केलेल्या कागदाबरोबर एकाच पिशवीत ठेवला आणि पिशवी खिळ्याला अडकवली. मग दाराआडचा खराटा घेऊन त्या बाहेर गेल्या. जोत्यावरच्या मुलींनी पुस्तकातून नजर न काढता सवयीने सतरंजी उचलली आणि एका बाजूला सरकल्या. गिरिधरने चपला खाली काढल्या, वर चढला आणि दुसऱ्या टोकापासून सळीखाली साचलेला पाला हातांनी गोळा करू लागला.