बिनखडूचा हात

संशय हा मोठा कसबी शिंपी. त्याला टेप लागत नाही, खडू लागत नाही. समोरचा माणूस नुसता दारावरून गेला, तरी हा त्याच्या मापाचा गुन्हा बेतून, शिवून, काज-बटणांसकट तयार ठेवतो. आणि तो अंगाला बसतोही, हीच तर त्याची करामत.

मास्तरांचं तेच झालं. शिंपीकामाचं दुकान एकच, लांबट. पुढे रस्ता, मागे मोकळी जागा. वडिलांच्या पश्चात ते थोरल्याच्या, म्हणजे मास्तरांच्या नावावर झालं, आणि धाकटा भाऊ नुसत्या शब्दावर तिथं शिवत राहिला. पन्नाशीला टेकला तरी त्याचं नाव बारक्याच. दोघांची मशीनं एकाच टेबलाच्या दोन टोकांना चालायची. मग एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकानं मास्तरांच्या तोंडावर सांगितलं, "कोट धाकट्यांनाच बेतू द्या हो. त्यांच्या हाताची गोष्टच वेगळी." मास्तर हसले. आठवड्याच्या आत दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली.

मागच्या जागेत नळ होता. प्रत्येकाच्या वाट्याला मागचं एकेक दारही आलं होतं. पण बारक्याचं तोंड दिसायला नको म्हणून मास्तरांनी आपलं दार बंद करून टाकलं. जुनं जाडजूड दार, अंगचंच कुलूप, करंगळी शिरेल एवढं किल्लीचं आरपार भोक. पाणी ते घरून कॅनमधून आणू लागले.

"नळ दारात आणि पाणी घरून!" बायको म्हणाली. "आता नाक तेवढं कापायचं राहिलंय, भावाला अपशकुन करायला."

"तू त्याची वकिली करू नकोस."

"मी कुणाची वकील नाही. कॅन मला उचलावा लागतो म्हणून बोलते."

मागच्या जागेत बारक्यानं रान माजू दिलं होतं. एकदांडी, गोखरू, रानतुळस, निळ्या फुलांचा एक वेल. ज्याला जे वाटेल ते उगवत होतं. बारक्या दुपारी डबा घेऊन त्यातच बसायचा. आणि मास्तरांच्या दाराशी, पायरीच्या कडेला, वडिलांनी तेलाच्या डब्यात लावलेला गुलाब होता. तो मास्तर मागच्या खिडकीतून बघायचे. जवळ जायचं तर दार उघडावं लागलं असतं.

एका सकाळी त्यांना गुलाबाची पानं कापलेली दिसली.

किडीनं खाल्लेलं पान वेगळं असतं. त्याची कड कुरतडलेली, दोरे सुटलेल्या कापडासारखी असते. हे तसं नव्हतं. कडेपासून सुरुवात करून एक गोल, सफाईदार, वाटीच्या काठासारखा काप. धागा म्हणून निघालेला नाही. मास्तरांनी चष्मा पुसला, खिडकीच्या गजांतून हात घालून एक फांदी ओढली आणि पान डोळ्यांजवळ धरलं. गोल पुरा होता होता काप किंचित आत वळला होता.

हा हात त्यांना ओळखीचा होता. अख्ख्या गावात खडू न लावता कात्री घालणारा एकच माणूस. गळा कापताना शेवटी मनगट आत वळवायची खोड त्याचीच. वडिलांनी त्यावरून किती वेळा त्याच्या बोटांवर फूटपट्टी मारली होती!

"बापाच्या झाडावर कात्री," मास्तर पुटपुटले. "माझ्यावर चालवता येत नाही म्हणून."

त्या दिवसापासून त्यांचे कान भिंतीला लागले. पलीकडचं मशीन थांबलं की, आता उठला. पाऊल वाजलं की, आता मागे गेला. बारक्या खोकला तरी त्यात त्यांना इशारा ऐकू यायचा. संध्याकाळी खिडकीशी जावं तर आणखी दोन पानांना भोकं.

त्यातच जमिनीवरचा उजेड गेला. मागच्या दाराच्या भोकातून रोज एक उन्हाचा ठिपका मास्तरांच्या मशीनच्या पायाशी पडायचा. तो पडेना. मास्तरांनी वाकून भोकाला डोळा लावला, तर आत हिरवट अंधार. मोठ्या सुईनं टोकरून काढलं तेव्हा हातात आल्या पानांच्या गुंडाळ्या. गुलाबाचीच पानं, गोल गोल तुकडे, एकावर एक घडी घालून विडीसारखे वळलेले. एक उकलली. आत पिवळ्या पुडीचा चिकट गोळा आणि त्यावर इवलंसं काहीतरी पांढरं.

अस्तराच्या चिंधीत ते सगळं बांधून मास्तरांनी घरी नेलं.

"करणी आहे ही," ते हळूच म्हणाले. "पिवळी पूड बघ. आणि हे पांढरं..."

बायकोनं वास घेतला. "मधासारखं लागतंय नाकाला. अहो, कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं म्हणतात. तुमची पार डोक्यात गेलीय."

मास्तरांनी ती पुरचुंडी चुलीत टाकली, देवापुढे हात जोडले आणि मागणं मागितलं: तो रंगेहाथ सापडू दे.

दुसऱ्या दिवशी बारक्या दुकानात आलाच नाही. दुपारी भोक पुन्हा अर्धं भरलेलं! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माणूस आलाच नाही तर केलं कुणी? मास्तर म्हणाले, "बघा, न आल्याचं सोंग करून चोरून आला." संशयाला उसवायला गेलं की तो तिथंच दुहेरी टाका घालतो.

त्यांनी ठरवलं. रविवारी बारक्याला सांगायचं, उचल मशीन आणि चालता हो. दुकान माझ्या नावावर आहे. त्याआधी ती मागची जागाही साफ करायची. लपायला झुडूपच उरलं नाही, की चोर बसेल कुठं? गवतवाल्याला गवत कापायचं मशीन घेऊन शनिवारी दुपारी यायला सांगितलं. आणि तोवर पुरावा हवा म्हणून शनिवारी शटर अर्धं ओढून, टांगलेल्या कोटांच्या आड, खिडकीशी मास्तर दबा धरून बसले.

ऊन चांगलं तापलं होतं. पलीकडे मशीन बंद. मास्तर मनात म्हणाले, ये, ये बाळा.

आली ती एक माशी. मधमाशीसारखी, पण जरा ठेंगणी, काळसर. गुलाबाच्या पानाच्या कडेला बसली, कड पायांत धरली, आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत पान कापत निघाली. डोकं पुढे, अंग गोल फिरवत, न थांबता, न चुकता. अर्धा गोल झाला, पाऊण झाला, आणि शेवटी किंचित आत वळून तुकडा सुटला. तुकड्यासकट ती खाली पडते की काय असं वाटलं. पण हवेतच सावरली, तो हिरवा गोल पोटाशी दुमडून दाराच्या भोकात शिरली.

मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच.

थोड्या वेळानं ती रिकामी बाहेर आली आणि रानात गेली. एकदांडीच्या फुलावर, मग निळ्या वेलावर. परतली तेव्हा तिचं पोट खालून पिवळं धम्मक झालं होतं. पुन्हा भोकात.

पानं गुलाबाची. पूड रानातली. आणि ते इवलंसं पांढरं...

"देवा रे," मास्तर म्हणाले. "तिची लेकरं मी चुलीत घातली."

तेवढ्यात मागे घरघर सुरू झाली. गवतवाला! मास्तर किल्ली घेऊन मागच्या दाराकडे धावले, किल्ली भोकाशी नेली आणि तिथंच थबकले. किल्ली घातली असती तर आत जे होतं ते चिरडलं असतं. ते उलटे फिरले, अर्ध्या शटरखालून वाकून रस्त्यावर आले आणि थेट बारक्याच्या दुकानात शिरले. भिंत उभी राहिल्यापासून पहिल्यांदा.

बारक्याचं मशीन दोरीनं बांधून ठेवलेलं होतं. कात्र्या, टेप, इस्त्री, सगळं गाठोड्यात. तो शेवटची गाठ मारत होता.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"परवा जागा बघून आलो," बारक्या मान वर न करता म्हणाला. "तू जा म्हणण्याआधी गेलेलं बरं. मागच्या दाराच्या भोकात पानं कोंबून ठेवलीस दादा. मी काय तुझ्या दुकानात डोकावतो? माझं बघणंही तुला चालेना?"

मास्तरांना हसावं की रडावं कळेना.

"अरे गाढवा, ते... आधी त्या गवतवाल्याला थांबव! पळ!"

"मी का? तूच बोलावलंस, भिंतीतून ऐकलं मी."

"म्हणूनच माझं तो ऐकायचा नाही. पळ म्हणतो ना!"

दोघे बारक्याच्या मागच्या दारातून धडपडत बाहेर पडले. नळापाशी एक पट्टा भुईसपाट झाला होता. मशीन बंद झालं.

"एवढ्यात झालं?" गवतवाला वैतागला. "अर्धी हजामत करून उठवता होय?"

"अर्धीच ठेव," मास्तर म्हणाले. "पैसे पूर्ण घे आणि जा."

मग त्यांनी बारक्याचं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं, आणि त्याला गुलाबासमोर बसवलं. "हलू नकोस. बघ."

बराच वेळ काही झालं नाही. बारक्या कंटाळून उठणार, इतक्यात ती आली. बसली. कापू लागली. बारक्याची बोटं नकळत मांडीवर गोल फिरली, आणि शेवटी मनगट आत वळलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "हिलाही खडू लागत नाही."

"मला वाटलं तू आहेस," मास्तर म्हणाले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

बारक्या पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा असते तर हिच्या बोटांवर पट्टी बसली असती." आणि आधी तो हसला, मग मास्तर.

मशीनची दोरी मास्तरांनीच सोडली. गाठ बारक्याची, घट्ट. सुटता सुटेना तर दातांनी सोडली.

रात्री ते रिकाम्या हातांनी घरी आले. बायकोनं आधी हातांकडे पाहिलं.

"कॅन कुठाय?"

"दुकानात. आता लागायचा नाही. नळावरून भरीन."

"दार उघडलंत वाटतं?"

"छे, बारक्याच्या दारातून जाईन."

"आणि आपल्या दाराला काय झालं?"

"ते काही दिवस उघडायचं नाही," मास्तर टोपी खुंटीला लावत म्हणाले. "आत बाळंतीण आहे."