थेल्माने पब विकायला काढला

लायनेल स्टॅनिफोर्थने उभ्या आयुष्यात एकच गोष्ट लिहिली असं त्याचे शत्रू म्हणत, आणि त्याचे मित्रही ते फारसं नाकारत नसत. सरकारने माणसाच्या वाटेला जाऊ नये. म्हणणं एवढंच, पण ते त्याने निरनिराळ्या वर्तमानपत्रांतून जन्मभर फिरवून फिरवून मांडलं. मोटारीत पट्टा बांधायची सक्ती झाली तेव्हा लिहिलं, ओळखपत्रांची टूम निघाली तेव्हा लिहिलं, आणि पबमध्ये सिगारेटला बंदी आली तेव्हा तर आठवड्यामागून आठवडे लिहिलं. स्वतः तो कधी सिगारेट ओढत नसे. दोन संपादकांनी त्याला काढून टाकलं, त्यांतल्या एकाने पुन्हा बोलावून घेतलं. परवान्यांच्या इतिहासावर त्याने एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहे असं सांगतात. उजवे त्याला डावा म्हणत आणि डावे उजवा, त्यामुळे कुठल्याच पंगतीत त्याचं पान नसे.

त्याचा बाप लीड्सला करवसुलीच्या कचेरीत कारकून होता. पोराने कॉलेजात असतानाच करांविरुद्ध पहिला लेख छापून आणला, तेव्हा त्या सभ्य गृहस्थाने तो दोनदा वाचला आणि जेवताना एवढंच म्हणाला, “स्वल्पविराम फार घालतोस.” लायनेल ही गोष्ट हसत सांगे, पण फार वेळा सांगे.

इतक्या लिहिण्याने एकही कायदा इंचभर हलला नाही. बायको कधीच वेगळी झाली होती, ती लंडनलाच राहिली. लायनेल म्हातारपणी आमच्या थॉर्नबॅच गावी आला, चर्चमागचं ठेंगणं घर घेतलं आणि दुपारी प्लाऊ नावाच्या पबमध्ये येऊन बसायला लागला. आठवड्याचा लेख तो तिथेच लिही. लिहून झाला की पब चालवणारी थेल्मा प्रॉसर तो वाचे. ग्लास पुसता पुसता वाचे आणि एखाद्या ओळीवर ओलं बोट ठेवून म्हणे, “इथे मला झोप आली.” ज्याने मंत्र्यांना कधी भीक घातली नव्हती तो लायनेल ती ओळ निमूटपणे खोडून टाकी. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत, आणि ह्यात वेगळं काही आहे असं दोघांपैकी कोणी कधी बोललं नव्हतं.

मग एका मार्चमध्ये थेल्माने सांगितलं की ती पब विकते आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिचे गुडघे गेले होते आणि बिअरची पिंपं तळघरात होती. बर्मिंगहॅमचा कोणी दंतवैद्य ती इमारत राहायला घेणार होता. टेन्बीला समुद्रकाठी तिची बहीण होती, तिच्याकडे ती जाणार होती.

लायनेलने पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, “अर्थातच. घर तुमचं आहे.”

थेल्मा फडकं हातात धरून जराशी थांबली. मग भट्टीतली पेस्ट्री बघते म्हणून आत गेली.

गावात मात्र हलकल्लोळ झाला. आमच्याकडचा हलकल्लोळ, म्हणजे आवाज कोणाचा चढला नाही. प्लाऊ गेला तर उरणार काय? बसचा थांबा आणि चर्च. पबचं राहतं घर करायचं तर कौन्सिलची परवानगी लागते, आणि सबंध गावाने हरकत घेतली तर ती बहुधा मिळत नाही. नेव्हिल बेडोज, आमचा जनावरांचा निवृत्त डॉक्टर आणि गावसभेचा अध्यक्ष, एका सकाळी लायनेलच्या दारात उभा राहिला. हरकतीचा अर्ज लिहायला गावात ह्याच्याइतकी तिखट लेखणी कोणाची होती?

“घर तिचं आहे, नेव्हिल,” लायनेल म्हणाला.

“घर तिचं. पब आपला.”

“आपला? गेल्या वर्षी छप्पर गळत होतं तेव्हा तू किती कौलं चढवलीस?”

नेव्हिलने आपली टोपी हातात फिरवली. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “तिथे सगळ्यांत जास्त वेळ तू बसतोस. ती गेली तर तू करणार काय? भिंतींना लेख वाचून दाखवणार?”

पाऊस येईल असं वाटतं, असं काहीतरी बोलून लायनेलने दार लावून घेतलं.

पण नेव्हिलचं बोलणं त्याच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी तो प्लाऊत गेला नाही. घरातच बसला आणि काय वाटलं कोण जाणे, हरकतीचा अर्ज लिहायला लागला. शब्द भराभर आले. दुपारच्या उन्हात त्या खिडकीशी बसणाऱ्या माणसांबद्दल, शेकोटीबद्दल, नवरा पुरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी पब उघडणाऱ्या बाईबद्दल. वाचून पाहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतकं सरस आपल्या हातून कित्येक वर्षांत उतरलेलं नाही. हे कौन्सिलपुढे गेलं असतं तर दंतवैद्याची धडगत नव्हती. थेल्मा इथेच राहिली असती, त्याच काउंटरमागे, दुखऱ्या गुडघ्यांनी. आणि तिला इथे ठेवलं असतं सरकारने, लायनेल स्टॅनिफोर्थच्या विनंतीवरून. त्याला स्वतःचीच शरम वाटली. त्याने तो कागद शेगडीत घातला आणि जळून जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. चहा होता, लिंबाचा केक होता, सगळं गाव होतं. नव्हती ती फक्त थेल्मा. तिच्या तोंडावर असल्या गोष्टी बोलल्या तर तिला अवघडल्यासारखं होईल, म्हणून तिला कोणी बोलावलंच नव्हतं. आमची सभ्यता ही अशी. तिचा पब आणि तिचं म्हातारपण ह्यांवर आम्ही तिच्या माघारी दीड तास अगदी अदबीने बोललो.

शेवटी लायनेल उठला. तो फार बोलला नाही. म्हणाला, “एका बाईने दुखऱ्या पायांनी आणखी किती वर्षं तळघराचा जिना चढायचा, हे आपण केक खात ठरवतो आहोत. तुम्हाला पब हवा आहे ना? मलाही हवा आहे. तुमच्याहून जास्त हवा आहे, हे नेव्हिलला माहीत आहे. पण मला हवं आहे म्हणून ती बांधील होत नाही. ज्याला पब चालवायचा असेल त्याने तिच्याकडून विकत घ्यावा. नाहीतर तिला जाऊ द्यावं.”

हात वर झाले आणि हरकतीचा ठराव थोड्याच मतांनी पडला. जन्मभर लिहून जे जमलं नव्हतं ते लायनेलने उभ्या उभ्या करून दाखवलं. पहिल्यांदाच तो जिंकला होता.

त्यानंतर गाव त्याच्याशी वाईट वागलं असं कोणी म्हणू शकणार नाही. लोक नमस्कार करत, हवेबद्दल बोलत, त्याच्या कुत्र्याचं कसं काय ते विचारत. फक्त प्लाऊमध्ये टेबलावरच्या सगळ्यांसाठी एकेकाने पाळीपाळीने बिअर आणायची असते, त्या पाळीत त्याचा ग्लास धरेनासे झाले. नेव्हिल उठे, बोटाने डोकी मोजी आणि ते बोट लायनेलवरून पुढे सरके. लायनेलने आपण होऊन आणायची म्हटली तर सगळ्यांची नुकतीच झालेली असे. ज्याच्यावर हे आलंय त्यालाच कळेल की ह्यापेक्षा शिव्या परवडल्या. तरी तो रोज जात राहिला, कारण थेल्माचे तिथले थोडेच दिवस उरले होते.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी पबमध्ये दोघंच होती. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून झाल्या होत्या. थेल्मा काउंटरमागून आली आणि खुर्ची ओढून त्याच्या टेबलाशी बसली. इतक्या वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती.

“तुम्ही सभेत काय बोललात ते मला कळलं,” ती म्हणाली. “आभार मानायला हवेत.”

“काही गरज नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.”

“हो. मला वाटलंच, तत्त्वाचाच असणार.” तिने टेबलावरचा एक डाग नखाने खरवडला. “सगळं गाव मला कायद्याने अडकवायला निघालं होतं. तुम्ही एकटे मी जावं म्हणून भांडलात. पण थांब म्हणून मला कोणी विचारलं नाही, लायनेल. एका माणसाने नाही.”

“मला तो हक्क नव्हता.”

“विचारायला कसला हक्क लागतो? मी बेडी घाला म्हणत नव्हते. विचारलं तर माणसाला नाही म्हणता येतं.”

सक्तीबद्दल जेवढं लिहिता येईल तेवढं लायनेलने लिहिलं होतं. दुसऱ्याच्या दारावर टकटक करणं आणि दार फोडणं ह्यांत फरक असतो, हे मात्र त्याला कोंडीत पकडायला आलेल्या मुलाखतकारांनीही कधी सुचवलं नव्हतं.

“तेव्हा विचारलं असतं तर?” त्याने विचारलं.

“तेव्हा विचारलं असतं तर तेव्हा कळलं असतं.”

ती उठली नाही. त्याला कळलं की ती वाट बघते आहे, आणि ह्या वेळी फडकं हातात घेऊन आत निघून जाणार नाही.

“जाऊ नका, थेल्मा,” तो म्हणाला. “पब विका, तो विकायलाच हवा. पण जाऊ नका. माझं घर बसकं आहे, जिना नाही. मागची खोली उन्हाची आहे. तुमच्याशिवाय मला लिहिता येणार नाही, आणि लिहिण्याचं जाऊ द्या, मला करमणारच नाही. मी आधीच बोलायला हवं होतं. मला तुमचा फार लळा लागला आहे.”

थेल्माने सगळं नीट ऐकून घेतलं. मधे तोडलं नाही की मान खाली घातली नाही. मग हात पुढे करून तिने त्याच्या हातावर ठेवला. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र कधी नव्हे इतका प्रसन्न दिसत होता.

“नाही, लायनेल,” ती म्हणाली. “बहिणीने माझी खोली रंगवून ठेवली आहे. आणि मला समुद्र बघायचा आहे.”

जन्मभर ज्या हक्कासाठी तो भांडला होता, तो त्याच्यासमोर बसून इतक्या शांतपणे कोणी वापरला नव्हता. त्याला फार वाईट वाटलं. त्याने मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघितलं. थेल्माने त्याच्या हातावरचा हात काढला नाही.