मागच्या चाकात बत्तीस

“मावशी, पाय टेकला.”

तपासनीसाने हे इतक्या हळू सांगितलं, जणू टेकलेला पाय त्याचाच होता. जमिनीवर पांढऱ्या रंगात आठचा आकडा काढलेला होता, एकाला एक चिकटलेल्या दोन शून्यांसारखा. ती शून्यं जिथे चिकटतात, नेमक्या तिथे, थोड्या वाळूत, बाईंची मोटरसायकल थांबली होती आणि बाईंच्या डाव्या बुटाचं टोक जमिनीला लागलं होतं. पूर्ण पाऊल नाही, टोकच.

“टेकला,” बाई म्हणाल्या.

शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काढली होती. चुकलेल्या मापाला ‘जवळपास बरोबर’ असं त्यांनी कुठल्याच मुलाला कधी म्हणू दिलं नव्हतं. आता स्वतःला तरी कसं म्हणू देणार?

“दुसरी खेप ना ही?” तपासनीसाने कागद चाळले. वयाने तो बाईंच्या मुलीएवढा असेल. “शिकाऊ लायसन्स शुक्रवारी संपतंय तुमचं. शुक्रवारी सकाळी या, शेवटची संधी.” मग जरा घुटमळून म्हणाला, “घरी एखादी हलकी स्कूटर वगैरे नाही का? पाय तरी पोचतील.”

“घरी हीच आहे,” बाई म्हणाल्या आणि गाडीवरून उतरल्या.

कुंपणापाशी मुलगी उभी होती. नोकरीच्या गावाहून ती चार दिवसांची रजा काढून आली होती, आणि येताना गाडीला गिऱ्हाईकही शोधून आली होती. सोबत लायसन्सवालं कुणी नव्हतं, म्हणून दोघी मिळून गाडी ढकलत निघाल्या.

“आई, आपलं ठरलंय हं. शुक्रवारी नाही झालं तर गाडी विकायची. तू शब्द दिलायस.”

“दिलाय ना.”

“मग तोंड पाडू नकोस.”

“पाडलेलं नाही. गाडी ढकलतेय. ढकलताना माणसाचं तोंड असंच होतं.”

मुलगी हसली. “अगं, चौपन्न वर्षांची आहेस तू. बाबा असते तर त्यांनी तरी दिली असती का चालवायला?”

दिली असती की नसती, हे बाईंनाही माहीत नव्हतं. ‘पुढच्या रविवारी शिकवतो’ असं ते अठ्ठावीस वर्षं म्हणत आले होते, आणि चौदा महिन्यांपूर्वी त्यांचे रविवार संपले.

ते वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करायचे. दिवसाला शंभर-सव्वाशे घरं. वस्तीतली माणसं त्यांना ‘रीडिंगवाले’ म्हणूनच ओळखायची, आणि घरीही त्यांची तीच तऱ्हा होती. दुधाच्या पातेल्याला किती उकळी आली हेसुद्धा ते आकड्यात सांगतील, असं बाई चिडवायच्या. मोटरसायकल लग्नाच्या आधीच्या वर्षी घेतलेली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठ वाजता अंगणात जुनी चादर अंथरली जायची, तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत पान्हे ओळीने मांडले जायचे आणि गाडी मधल्या स्टँडवर चढायची. मग हाक यायची.

“अगं, चाक फिरव.”

बाई मागचं चाक हाताने सावकाश फिरवायच्या आणि ते साखळीच्या एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडायचे. साखळी किती ढिली आहे ते पट्टी लावून बघायचे. मग क्लचची तार, ब्रेक, प्लग आणि शेवटी हवा. ते आकडे सांगायचे आणि बाई वहीत लिहायच्या.

“पुढे पंचवीस.”

“लिहिलं.”

“मागे बत्तीस.”

“लिहिलं. दर रविवारी तेच तर असतं. एकदाच लिहून ठेवू का मोठ्या अक्षरात?”

“हवा दर आठवड्याला जाते. आपण दर आठवड्याला भरतो. म्हणून तेच असतं.”

ते गेल्यावरही हा रविवार बाईंनी मोडला नव्हता. ‘उभी गाडी लवकर म्हातारी होते’ असं ते म्हणायचे. म्हणून त्या चादर अंथरायच्या, साखळीला तेल द्यायच्या, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायच्या आणि मागच्या चाकात मोजून बत्तीस पौंड हवा भरायच्या. फक्त एका हाताने चाक फिरवून दुसऱ्याने तेल सोडायचं म्हणजे दुप्पट वेळ लागायचा. सहा महिन्यांपूर्वी एका रविवारी त्यांच्या मनात आलं, गाडी धडधाकट आहे, मीही धडधाकट आहे, आणि शाळेत जायला मात्र आपण दोन बसेस बदलतो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरला.

गॅरेज परतीच्या वाटेवरच होतं. मिस्त्रींनी दुरूनच गाडी ओळखली आणि हात पुसत बाहेर आले.

“या वहिनी. झाली का पास?”

“टेकला पाय.”

“पुन्हा?” मिस्त्री हळहळले. मग गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “बघू का जरा? म्हणजे, चालेल ना? साहेबांनी या गाडीवर कधी माझी सावलीसुद्धा पडू दिली नाही. टायर बदलायला आणायचे, तर तेवढा वेळ शेजारी उभे. ऑपरेशनच्या दारात नातेवाईक उभे असतात ना, तसे.”

“बघा,” बाई म्हणाल्या. तेवढा एक शब्द बोलायलाही त्यांना जड गेलं.

मिस्त्रींनी सीट दोन्ही हातांनी दाबली. दबली नाही. पुन्हा अंगाचा भार टाकून दाबली. मग खाली वाकून शॉकअप पाहिले, चाकाला हवेचं मीटर लावलं आणि उकिडवे बसूनच वर बघत त्यांनी विचारलं, “वहिनी, तुमच्या मागे कोण बसतं?”

“मागे? कुणीच नाही. मी अजून शिकाऊ आहे.”

“मग हवा दोघांची का भरलीय?”

बाईंना प्रश्न कळला नाही.

“बत्तीस आहे मागे. ही हवा दोघं बसणार असतील तर. एकट्याला अठ्ठावीस पुरे. आणि हे बघा.” त्यांनी शॉकअपच्या स्प्रिंगखालची कडी दाखवली. “हिला पाच खाचा असतात. जितकी वरची खाच तितकी स्प्रिंग ताठ. ही पाचवर आहे. म्हणजे जड माणूस मागे बसवून लांब निघायचं असल्यासारखी. तुमच्या एकटीच्या वजनाने गाडी दबणार कशी? सीट राहते उंच, पाय राहतात अधांतरी, आणि वळणावर वाळू आली की चाक नाचतं. तुमचं काही चुकत नाहीये. गाडीच अजून दोघांना घेऊन चाललीय.”

“पण वहीत बत्तीस लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

“कुणाच्या?”

“माझ्याच अक्षरात आहे.”

मिस्त्रींनी एकदा मुलीकडे पाहिलं, मग मीटरकडे. “सोडू का चार पौंड? लगेच होईल.”

“नको. घरी सोडीन मी.”

“आणि खाचा? त्याला हुकाचा पान्हा लागतो.”

“आहे आमच्याकडे.”

“असणारच,” मिस्त्री सुस्कारा टाकून म्हणाले. “माझ्याकडे नसेल, पण तुमच्याकडे असणारच.”

घरी आल्या आल्या बाईंनी वह्या काढल्या. चार वह्या, अठ्ठावीस वर्षं. प्रयोगात एखादं माप खटकलं की मागची सगळी मापं काढून बघायची, ही त्यांची सवय. मागे बत्तीस. मागे बत्तीस. पानामागून पान तेच, सगळं त्यांच्याच बारीक, सरळ अक्षरात. शाई बदलत होती, आकडा बदलत नव्हता.

पहिल्याच वहीच्या मध्यावर त्यांचा हात थांबला. तिथे चौदा रविवारांच्या नोंदी त्यांच्या अक्षरात नव्हत्या. डावीकडे कललेलं, घाईचं अक्षर. मुलगी झाली तेव्हा त्या चौदा आठवडे माहेरी होत्या. त्या रकान्यात दर वेळी लिहिलं होतं, ‘मागे अठ्ठावीस. एकटाच.’

आणि पंधराव्या रविवारी, बाई पुन्हा शाळेत जायला लागल्यावर, त्यांचंच अक्षर. मागे बत्तीस.

म्हणजे नवऱ्याला फरक माहीत होता.

बाई वही मांडीवर घेऊन बसून राहिल्या. सकाळी घरापासून शाळेपर्यंत वीस मिनिटं त्या मागे बसायच्या. संध्याकाळी शाळेपासून घरापर्यंत वीस मिनिटं. मधले सात-आठ तास ते एकटे, गल्ल्याबोळांतून, खडीच्या रस्त्यांवरून, दोघांच्या हवेवर आणि पाचव्या खाचेवर. रोज सकाळी बाईंना शाळेत सोडल्यावर चार पौंड काढायचे आणि संध्याकाळी पुन्हा भरायचे, हे करत कोण बसणार? मग दोघांपैकी एकाने धक्के खायचे. कुणी, ते त्यांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

“बाबांची पाठ दुखायची ना गं?” मुलगी मागून वहीत डोकावत म्हणाली. तिने ते पान वाचलं होतं.

“रोज.”

“मला आठवतं. तू मलम चोळायचीस आणि ते म्हणायचे—”

“‘रस्ते फार वाईट झालेत गं.’”

मग बाई उठल्या. मंगळवार होता, तरी त्यांनी अंगणात चादर अंथरली, पान्हे ओळीने मांडले. हुकाच्या पान्ह्याने दोन्ही बाजूंच्या कड्या पाचव्या खाचेवरून दुसरीवर आणल्या. मग मागच्या चाकाच्या वॉल्वचं टोपण काढून आतली पिन नखाने दाबली. बारीक, एकसारखा आवाज झाला आणि रबराचा शिळा वास आला. चार पौंड हवा जायला कितीसा वेळ लागतो? बाईंनी मनात मोजलं. पाच सेकंद.

“मी लिहू?” मुलीने वही उघडली.

“लिही. पुढे पंचवीस.”

“लिहिलं. मागे?”

बाईंनी मीटर डोळ्यांच्या रेषेत धरलं. काटा वरून किंवा खालून बघितला तर चुकतो, हे त्या मुलांना दर वर्षी पहिल्याच तासाला सांगायच्या.

“अठ्ठावीस.”

“पुढे काही लिहू? त्यांनी लिहिलंय तसं?”

“नको. आकडा पुरे.”

शुक्रवारी सकाळी बाईंनी त्या आठवरून दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत जरा ताठ, दुसऱ्या फेरीत वाळूच्या जागीही चाक न नाचवता. थांबल्यावर दोन्ही पाय खाली टेकवले, पंजे पुरे, आणि गाडी बंद केली.

तपासनीस चक्रावला होता. “मावशी, तीन दिवसांत काय केलंत काय?”

“चार पौंड कमी केले.”

त्याने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “उपाशी राहिलात की काय?”

“टायरमधले हो.”

तो मोठ्याने हसला आणि त्याने कागदावर सही केली. कुंपणापाशी मुलीने फोन काढला आणि गिऱ्हाइकाला ‘गाडी विकायची नाही’ असं कळवलं.

शनिवारी मुलगी परत जायला निघाली. बॅग दाराशी आली तेव्हा ती फोनवर टॅक्सी बघत होती.

“टॅक्सी कशाला?” बाई म्हणाल्या. “मी सोडते स्टँडवर.”

“तू?”

“लायसन्स आहे माझ्याकडे. दाखवू?”

“आई, नको गं... बरं, चल. पण सावकाश हं.”

“थांब जरा.” बाईंनी पायपंप आणला, नळी मागच्या चाकाला लावली आणि पाय मारायला सुरुवात केली. मध्येच थांबून मीटर लावलं, पुन्हा चार पाय मारले. मग हुकाचा पान्हा घेऊन कड्या पाचव्या खाचेवर चढवल्या. मुलगी बॅग खांद्याला लावून बघत उभी होती.

“बस. खांद्याला धर. मी झुकले की माझ्याबरोबर झुकायचं, उलट्या बाजूला नाही.”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“मागे बसून बसून शिकले.”

वीस मिनिटांत स्टँड आला. मुलीचा हात पूर्ण रस्ताभर खांद्यावर होता. पहिल्यांदा घट्ट, मग नुसता ठेवलेला. बसमध्ये चढताना ती वळून म्हणाली, “आई, परत जाताना हवा कमी कर. मिस्त्रींकडे थांब. एवढ्या हवेवर एकटी जाऊ नकोस.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

परतताना गॅरेज लागलं. मिस्त्रींनी दारातूनच मागच्या चाकाकडे बोट दाखवून हात हलवला. थांबा, जास्त आहे, अशा अर्थाने. बाईंनी मान हलवली, असू दे, आणि गाडी पुढे काढली.

पाण्याच्या टाकीनंतर खडीचा रस्ता सुरू झाला. सीट दबत नव्हती. प्रत्येक खड्डा चाकातून शॉकअपमध्ये, शॉकअपमधून सीटमध्ये आणि सीटमधून वर चढत होता. आधी कमरेत, मग मणक्यात, आणि शेवटी दोन खांद्यांच्या मध्ये, जरा डावीकडे. ती जागा बाईंच्या बोटांना पाठ होती. तिथेच तर मलम लावायचं असायचं.

त्यांनी वेग जरा कमी केला आणि रस्ता जसा होता तसा घेत पुढे निघाल्या.