अण्णांच्या हातचं ग्रीस

घाट उतरायला सुरुवात झाली आणि थोड्याच वेळात सुनेच्या नाकाला वास आला. तापलेल्या लोखंडाचा, करपलेल्या तेलाचा. तिनं काच वर केली, खाली केली, पुढे चाललेल्या ट्रकला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि वास त्याचाच आहे अशी स्वतःची समजूत काढली. मग ट्रक एका फाट्याला वळून निघून गेला. वास मात्र तिच्याबरोबरच राहिला.

तिच्या गाडीला मागे डबा जोडलेला होता. डबा म्हणजे दोन चाकांवरचं घर: एक पलंग, एक शेगडी, एक बेसिन आणि मोठ्या माणसाला जेमतेम वळता येईल एवढी जागा. कागदोपत्री त्याला ट्रेलर म्हणत, घरात सगळे डबा म्हणत आणि सासूबाईंना ते मुळीच खपत नसे. या घटकेला डब्यातल्या पलंगावर सासूबाईच आडव्या होत्या. घोटा मोडलेला, गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर, पाय खाली सोडला की कळ थेट मस्तकात. गाडीत बसणं शक्य नव्हतं. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो हे दोघींनाही ठाऊक होतं. पण नवऱ्याची बदली धरणाच्या कामावर झालेली, क्वार्टर मिळेपर्यंत तिथं डब्यातच संसार करायचा होता, आणि सासूबाईंना मागे एकटं ठेवणार कसं? तेव्हा सावकाश जाऊ असं म्हणून दोघींनी नियमाकडे काणाडोळा केला होता. हाक मारता यावी म्हणून दोघींचे फोन एकमेकींना जोडून ठेवले होते.

आई, ठीक आहात ना, असं तिनं विचारलं. मला काय धाड भरलीय, तू रस्त्याकडे बघ, असं फोनमधून उत्तर आलं.

ती रस्त्याकडेच बघत होती, पण डोक्यात चाकं फिरत होती.

डबा मूळचा अण्णांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा. ते होते तोवर वर्षातला एक दिवस चाकांचा असे. डबा जॅकवर चढायचा, चाकं निघायची, चाकांच्या मधले हब उघडायचे, आतली बेअरिंगं रॉकेलमध्ये आंघोळ करायची. मग अण्णा तळहातावर तांबड्या ग्रीसचा गोळा घेऊन एकेक बेअरिंग त्यात दाबत बसायचे, ग्रीस पलीकडून डोकावेपर्यंत. वर्ष झालं किंवा पंधरा हजार किलोमीटर झाले, जे आधी होईल ते, हा त्यांचा कायदा. एकदा नवरा म्हणाला होता की यंदा डबा जागचा हललासुद्धा नाही, मग हा खटाटोप कशाला. अण्णांनी त्याला असा फैलावर घेतला की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. उभ्या डब्याचं चाक एकाच जागी टेकून असतं, दमट हवा आत शिरते, ग्रीस सुकतं, लोखंडाला गंज धरतो, आणि पळणाऱ्या चाकाआधी उभं चाक दगा देतं, हे सगळं त्याला मान खाली घालून ऐकावं लागलं. सून तेव्हा चिंध्या पुरवायला शेजारी उभी असे, त्यामुळे तिलाही ते पाठ झालं होतं. आणि काम संपवून अण्णा कोपरापर्यंत माखून आले की सासूबाई त्यांना दारातच अडवायच्या. हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा कायदा.

अण्णा गेले ते अशाच एका चाकांच्या दिवसानंतर, आठवड्याच्या आत. तेव्हापासून डबा शेडमध्ये उभा राहिला तो राहिलाच. त्यांचे कपडे, चष्मा, चपला सासूबाईंनी मन घट्ट करून स्वतः देऊन टाकल्या. पण डब्याच्या चाकांना कुणाला हात लावू दिला नाही. त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे ते, त्यांनी बंद केलंय, कुणी उघडायचं नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं. हा प्रवास ठरला तेव्हा सुनेनं भीतभीत विषय काढून पाहिला. सासूबाईंचे नुसते डोळे भरून आले. नवरा फोनवर म्हणाला, जाऊ दे गं, अण्णांचं काम आहे ते, काही होत नाही. मग सून मूग गिळून गप्प बसली. टायरमध्ये हवा भरली, दिवे तपासले, ब्रेक तपासले. चाकं उघडली नाहीत.

घाटमाथ्यावर दोघी पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा तिनं दोन्ही हबांना हात लावून पाहिला होता. जिथं थांबाल तिथं, पोराचा ताप बघतात तसा चाकाला हात लावायचा, हीसुद्धा अण्णांचीच शिकवण. उजवं चाक कोमट होतं. डाव्यावर हात ठेववला नाही. ब्रेक घासत असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. आत्तापर्यंत नुसता चढ होता आणि चढावर ब्रेक लागतोच कुठे, हा साधा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर सासूबाईंना सांगावं लागलं असतं. ती सासूच्या रागाला घाबरत नव्हती, रडण्याला घाबरत होती. ही भीती तिला आता फार महागात पडणार होती.

कारण आता वासाच्या जोडीला आवाज आला. आधी घरघर, मग मधूनच कचकन काहीतरी मोडल्यासारखं, मग पुन्हा घरघर.

"सूनबाई," फोनमधून हाक आली. आवाजातला नेहमीचा ताठा कुठल्या कुठे गेला होता. "पलंगाखाली काहीतरी दळल्यासारखं वाजतंय."

तिनं आरशात पाहिलं. डावं चाक डुलत होतं. सरळ फिरायचं सोडून ते वरच्या बाजूनं आत-बाहेर, आत-बाहेर करत होतं, आणि त्याच्यामागून निळसर धुराची बारीक रेघ निघत होती.

अण्णा एक गोष्ट रंगवून सांगायचे. आपलं स्वतःचंच चाक आपल्या उजव्या हाताला येऊन आपल्याला मागे टाकून पुढे निघून गेलं, की समजायचं, बेअरिंग बघायला उशीर झाला. तेव्हा ती पोट धरून हसली होती. आता चाक सुटलं तर डबा डाव्या कुशीवर बसणार, आणि डाव्या हाताला गुडघाभर उंचीचा कठडा, त्याच्या पलीकडे दरी. आत पलंगावर एक बाई, जिला आपल्या पायानं उठून दारापर्यंतसुद्धा जाता येत नाही.

थांबावं तर जागा नव्हती. उजवीकडे कातळ, समोर आंधळं वळण, मागे एक बस इतकी चिकटलेली की ड्रायव्हरच्या कपाळावरच्या आठ्या दिसाव्यात. वळणावर थांबली असती तर ती बस सरळ डब्यात घुसली असती. तिनं चारी दिवे लुकलुकत ठेवले, गिअर खाली आणला आणि गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगावर आणली. बसनं हॉर्नचा नुसता सपाटा लावला. तिनं स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. मी मारतेय यांना, तिच्या मनात आलं. यांचे डोळे ओले होऊ नयेत म्हणून मी यांना दरीत घालतेय.

"आई, नीट ऐका," ती म्हणाली. "डावं चाक जातंय. उजव्या कडेला सरका आणि बेसिनखालचा पाइप दोन्ही हातांनी धरा."

"ब्रेक घासतोय का गं?"

हो म्हणणं अजूनही सोपं होतं.

"नाही आई. बेअरिंग आहे. आतलं ग्रीस संपलंय."

फोनमधून प्लॅस्टर पलंगाच्या कडेवर घासल्याचा आवाज आला.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. मग आणखी हळू, "धरलाय पाइप."

ते वळण गेलं. पुढचं वळणही गेलं, पण तिथं डबा एकदा असा डावीकडे झुकला की फोनमधून भांड्यांचा खळखळाट आला आणि त्यात सासूबाईंचं कण्हणं. ती मोठमोठ्यानं काहीबाही बोलत होती, आलं, आलंच आता, आई धरून ठेवा, आणि आपण हे त्यांना सांगतोय की स्वतःला, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. धुराची रेघ आता रेघ राहिली नव्हती. आणि मग कातळ अचानक मागे सरला, खडी टाकलेली मोकळी जागा दिसली, आणि तिनं गाडी आणि डबा दोन्ही त्या खडीत घातली. बस शेवटचा हॉर्न मारून निघून गेली.

हातपाय गाळायला सवड नव्हती. तिनं आधी डब्याच्या तोंडाशी असलेल्या गॅस सिलिंडरची चावी बंद केली, मग दार उघडलं. आत सगळी भांडी जमिनीवर होती. सासूबाई पाइपला बिलगून, डोळे गच्च मिटून पडल्या होत्या. सोडा आता, असं सांगूनही त्यांची बोटं सुटेनात, एकेक करून सोडवावी लागली. तिनं त्यांना पाठीवर घेतलं. प्लॅस्टर दाराच्या चौकटीवर आपटलं, सासूबाई कळवळल्या, पण तिनं थांबायचं नाव घेतलं नाही. लांब, कातळाच्या सावलीत त्यांना टेकवलं आणि ती त्यांच्या शेजारी मटकन खाली बसली.

दोघी धुराकडे बघत राहिल्या. जाळ झाला नाही. हळूहळू धूर विरळ झाला, मग नुसता वास उरला. सासूबाईंनी सुनेचा हात धरला होता.

खालच्या गावातून मेकॅनिक यायला ऊन कलतीला लागलं. बोलघेवडा गृहस्थ. चाक काढेपर्यंत त्यानं अशी किती चाकं सुटलेली पाहिली आणि ती कुठे कुठे जाऊन पडली याचा पाढा वाचला. मग त्यानं हबची टोपी उचकटली आणि त्याचं बोलणं थांबलं. आत ग्रीस म्हणावं असं काही नव्हतं. काळी, कोरडी खरवड होती, गंजाची तांबूस भुकटी होती, आणि बाहेरच्या बेअरिंगमधून दोन रोलर त्याच्या हातावर सुटे घरंगळले.

"वर्षाच्या वर उघडलं नाही ना हे?" त्यानं विचारलं.

सासूबाई कातळाला टेकून ते बघत होत्या. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

त्यानं आस पुसून पाहिला, नशीब म्हणा, तो वाचलाय असं सांगितलं, नवी बेअरिंगं आणि नवं सील घातलं, चाक चढवलं, हातानं गरकन फिरवून कान लावून ऐकलं. मग उजव्या चाकाकडे बघून म्हणाला, हे गार आहे, खाली गावापर्यंत चालून जाईल, उघडायचं का?

सुनेला वाटलं, राहू द्यावं. एक तरी राहू द्यावं त्यांच्याकडे. गाव जवळ होतं, तिथं गेल्यावर बघता आलं असतं. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं.

"तेही उघडा," सासूबाई मागून म्हणाल्या.

उजव्या हबमधलं ग्रीस अजून तांबडं होतं. मऊ, चकचकीत, अण्णांनी काल भरल्यासारखं. खालच्या बाजूला तेवढं पाणी शिरून ते दुधाळ झालं होतं, आणि तिथल्या रोलरवर गंजाची बारीक रेषा उमटली होती. मेकॅनिकनं चिंधी घेतली आणि सवयीनं पुसायला हात पुढे केला.

सासूबाईंनी ते इकडे द्या म्हणून सांगितलं. त्यानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं मान डोलावली, आणि त्यानं ते बेअरिंग त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी चिंधी घेतलीच नाही. बोटांनीच त्या ग्रीस काढत राहिल्या, रोलरच्या फटीफटींतून, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, नख घालून.

"दरवर्षी ते स्वतःच हे सगळं पुसून फेकून द्यायचे," त्या म्हणाल्या. "आदल्या वर्षी स्वतःच्याच हातानं भरलेलं. एकदाही हळहळले नाहीत. आणि मी जपून ठेवलं."

मेकॅनिकनं ते मोकळं झालेलं बेअरिंग घेऊन बाजूला टाकलं आणि नवं काढलं. सुनेनं डब्यातून रॉकेलची बाटली आणि साबण आणला, सासूबाईंसमोर बसली आणि हात पुढे करा म्हणाली. त्यांच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत तांबडं ग्रीस लागलं होतं.

सासूबाईंनी हात मागे घेतले आणि मांडीवर उताणे ठेवले.

"आत जाताना धुते," त्या म्हणाल्या. "तोवर असू दे."